मुराकोझे म्हणजे काम केलंत

किगालीतला माझा पहिला महिना संपत आला होता. शनिवार होता आणि घरात कांदा नव्हता. सकाळी साडेआठला पिशवी घेऊन खाली उतरले, किमिरोंकोच्या बाजारात जायचं म्हणून. फाटकावरचा राखणदार माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "उमुगांदा." मला वाटलं, कुणाचं तरी नाव असेल.

कोपऱ्यावर एरवी दहा-बारा मोटरसायकलवाले जादाचं हेल्मेट हातात घेऊन उभे असतात. त्या दिवशी एकही नव्हता. दुकानांची शटरं खाली होती. चढावरून एक बस नाही, एक गाडी नाही. लॉकडाऊनची आठवण यावी असा रस्ता. चौकात एक पोलीस बाई उभी होती, तिने अगदी अदबीने विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, बाजारात. ती म्हणाली, अकरानंतर. आणि तोवर काय करायचं, असं मी विचारल्यावर तिने उताराकडे बोट दाखवलं. तिथे पन्नास-साठ माणसं, हातात फावडी, कोयते, खराटे.

मी घरी परत आले. चहा केला आणि गॅलरीत बसून अकरापर्यंत ती माणसं बघत राहिले. चहा काही गोड लागला नाही. दुसरे राबतायत आणि आपण वरून बघतोय, हे आमच्या माणच्या बाईला जड जातं. आमच्याकडे पाहुणी बाईसुद्धा निदान शेंगा तरी फोडत बसते.

रवांडा केवढा देश, हे मी घरी फोनवर असं सांगते : पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडा, झाला रवांडा. क्षेत्रफळ २६,३३८ चौरस किलोमीटर. माणसंही साधारण तेवढीच, २०२२च्या जनगणनेत एक कोटी बत्तीस लाखांच्या आसपास. किगाली तर महाबळेश्वरापेक्षा उंच. माती तशीच लाल, पाऊस मात्र वर्षातून दोनदा. मी इथे एका शाळेत गणित शिकवायला आले. येताना विमानतळावर माझी भाजणी आणि मेतकूट प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढून कागदी पिशव्यांत भरायला लावलं होतं, कारण २००८पासून इथे प्लॅस्टिकच्या पिशवीला बंदी आहे. मेतकूट थोडं सांडलं. तेव्हाच कळायला हवं होतं की हा देश बोलतो ते करतो.

महिन्याचा शेवटचा शनिवार, सकाळी आठ ते अकरा, १८ ते ६५ वयाच्या प्रत्येक धडधाकट माणसाने सार्वजनिक कामाला यायचं, हा उमुगांदा. कायदा २००७चा. न येणाऱ्याला ५००० फ्रँकपर्यंत दंड. परदेशी माणसाला कुणी हात धरून नेत नाही. आलात तर मात्र आनंदाने फावडं देतात.

मला न्यायला आली ती शेजारची म्हातारी. वय सत्तरीच्या पुढे, म्हणजे कायद्याने तिची केव्हाच सुटका झालेली. तिला सगळे 'मुकेचुरु' म्हणतात, म्हणजे आपण आजीबाई म्हणतो तसं. मीही तेच म्हणू लागले. पुढच्या महिन्यात सकाळी पावणेआठला दार वाजलं. दारात मुकेचुरु, डोक्याला फडकं, कमरेला लुगड्यासारखं रंगीत कापड, आणि हातात दोन फावडी. सोबत इंग्रजी येणारा तेरा-चौदा वर्षांचा नातू. तिने एक फावडं माझ्यापुढे धरलं. नातवाने भाषांतर करायची गरजच पडली नाही.

या फावड्याला इथे इसुका म्हणतात. पातं रुंद, दांडा लांब आणि सरळ. आपल्या फावड्याने माती ओढतात, यांच्याने आधी खणतात, मग ओढतात, म्हणजे कुदळ आणि फावडं एकातच. काम होतं रस्त्याकडेच्या गटाराचं. किगाली सगळी डोंगरांवर वसलेली, पाऊस आला की पाणी रस्त्यावरून धावतं आणि खालच्या घरांत शिरतं. मी मोठ्या उत्साहाने इसुका डोक्यावर उचलला आणि घातला घाव. दगडावर बसला, मुंग्या खांद्यापर्यंत गेल्या. म्हातारी काही बोलली नाही. माझ्या मागे आली, माझा डावा हात दांड्यावरून दीड वीत खाली सरकवला, उजवा हात ढिला केला आणि माझ्या कोपराला धरून एकदा हळूच खाली आणलं. घाव घालायचाच नाही. पात्याचं वजन पात्याला नेऊ द्यायचं. आजीने खुरपं धरायला शिकवलं होतं ते असंच, पाठीमागून हात धरून. पंचवीस वर्षांत मी ते विसरले होते, मनगट विसरलं नव्हतं.

तरी अकरापर्यंत तळव्यांना चार फोड आलेच.

काम संपल्यावर कुणी घरी जात नाही. खरं म्हणजे तिथूनच अर्धा उमुगांदा सुरू होतो. सगळे एका झाडाखाली जमतात आणि बैठक होते, तिला इनामा म्हणतात. उमुदुगुदु म्हणजे वस्ती, आणि तिचा प्रमुख मध्ये उभा राहतो. रात्रीच्या गस्तीची वर्गणी कुणाची राहिली, नळाची तोटी कुणी पळवली, आरोग्य विम्याचे पैसे कुणी भरले नाहीत. हा विमा तेव्हा बहुतेकांना वर्षाला माणशी ३००० फ्रँकला पडायचा आणि त्याचा आकडा वस्तीप्रमुखाला तोंडपाठ असतो. मग दोन शेजाऱ्यांचं भांडण निघालं. एकाच्या अवोकाडोच्या झाडाची फांदी दुसऱ्याच्या पत्र्यावर, फळं पडून पत्र्याला पोचे. अर्धा तास त्यावर वाद चालला. नातू मला कानात सांगत होता, पण ते मला न सांगताही कळलं असतं. बांधावरच्या बाभळीचं भांडण कुठल्याही भाषेत समजतं.

मग मला उभं केलं. नाव विचारलं, मी नाव-आडनाव सगळं सांगितलं. लिहिणाऱ्याने विचारलं, ही दोन नावं तुमचीच? म्हटलं, एक माझं, एक घराण्याचं. त्याला गंमत वाटली. इथे घराण्याचं आडनाव नसतं. बापाचं नाव एक, पोराचं दुसरं, सख्ख्या भावंडांची नावंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. नावावरून माणूस कुठल्या गटाचा ते कळत नाही, आणि विचारायचं तर नाहीच. बेल्जियमच्या राज्यात १९३०च्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापायला लागले. १९९४मध्ये नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं बघून माणसं मारली गेली. आताच्या ओळखपत्रावर तो रकानाच नाही. मी खाली बसले तेव्हा मनात एकच आलं : आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि आडनाव कळलं की तिसरा प्रश्न विचारतच नाही. त्याचं काम झालेलं असतं.

ओळख झाल्यावर मी म्हटलं, "मुराकोझे." मला तेवढाच शब्द येत होता. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, उच्चार चुकला. नातू म्हणाला, नाही नाही, तुम्ही बरोबरच म्हणालात, पण ते आम्ही तुम्हाला म्हणायचं.

घरी जाताना त्याने ते उलगडून सांगितलं. गुकोरा म्हणजे काम करणं. त्यावरून मुराकोझे, म्हणजे शब्दशः 'तुम्ही काम केलंत'. तोच इथला धन्यवाद. चहा दिला, मुराकोझे. रस्ता दाखवला, मुराकोझे. एकट्या, जवळच्या माणसाला म्हणायचं तर उराकोझे, 'तू काम केलंस'. आपल्या तू आणि तुम्हीसारखंच.

त्या रात्री हळद लावलेले तळवे घेऊन मी यावर पुष्कळ विचार केला. मराठीत आभार हा शब्द कुठे राहतो? कार्यक्रमपत्रिकेत, शेवटच्या ओळीवर. आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. घरात तर कुणी कुणाचे आभार मानले तर भांडण झालंय असं समजावं. आपल्याकडे कृतज्ञता मनात असते, ती बोलून दाखवली की हलकी होते असं आपण मानतो. खोटं नाही ते. पण कधीकधी ती मनातही नसते आणि न बोलल्यामुळे कुणाला कळत नाही, ही दुसरी सोयही आपण करून ठेवली आहे. इथल्या शब्दात ती पळवाट नाही. केलंस, एवढंच तो म्हणतो. उपकार नाही, ऋण नाही. काम झालं आणि मी ते पाहिलं.

हे सगळं मी मोठ्या कौतुकाने शाळेतल्या एका सहकाऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, गिसोझीला जाऊन आलीस का?

गिसोझीची टेकडी माझ्या शाळेतून दिसते. तिथे २००४ साली उघडलेलं किगालीचं वंशसंहार स्मारक आहे. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्या एका उतारावर पुरलेली आहेत. ७ एप्रिल १९९४पासून शंभर दिवसांत या देशात दहा लाखांहून जास्त माणसं मारली गेली असा सरकारी आकडा आहे. बहुतेक तुत्सी, आणि मारायला नकार देणारे हुतूही. हे आकडे मी येण्याआधी वाचले होते. जे वाचलं नव्हतं ते हे : त्या दिवसांत मारण्याला 'मारणं' म्हणत नसत. 'काम' म्हणत. चला कामाला, काम अजून राहिलंय, काम नीट करा. रेडिओवर, गावच्या सभेत. उमुगांदाला जमायची सवय होतीच, त्याच सवयीने माणसं जमली. हत्यारं तीच, घरातली, शेतातली.

म्हणजे माझ्या मुराकोझेच्या पोटात तोच शब्द होता.

स्मारकातून बाहेर आल्यावर मोटरसायकलवाल्याने मला घरी सोडलं. मी पैसे दिले. तो म्हणाला, "मुराकोझे चाने," आणि गेला. मी तशीच फाटकात उभी राहिले. पुढचे कितीतरी दिवस तो शब्द माझ्या तोंडून निघेना. भाजीवालीला मी नुसती मान हलवायचे.

उमुगांदाचाही इतिहास काही सरळ नाही. मुळात ती आपली सावड. माझी आजी सावडीने खुरपायला जायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. किंवा इर्जिक म्हणा, अख्ख्या गावाने एकाच्या शेतावर एक दिवस राबायचं आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवायचं. इथे शेजाऱ्याचं घर उभारायला सगळे आपापला वासा घेऊन यायचे, उमुगांदा म्हणजे तो वासा, असं मुकेचुरुने सांगितलं. मग बेल्जियन आले, आणि राबणूक झाली वेठ. स्वातंत्र्यानंतर, १९७०च्या दशकात, सरकारनेच उमुगांदा सक्तीचा केला. मग १९९४. आणि चार वर्षांनी, १९९८ मध्ये, ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांनी आणि ज्यांनी ते घालवलं होतं त्यांच्या घरच्यांनी एकाच रस्त्यावर पुन्हा इसुका उचलायचा, असं ठरलं. मला अजूनही कळत नाही की पहिल्या शनिवारी लोक एकमेकांच्या हातातल्या अवजारांकडे कसे बघत असतील.

मी मुकेचुरुला १९९४बद्दल कधी विचारलं नाही. ती बोललीही नाही. एप्रिल आला, शोकाचा आठवडा सुरू झाला, वस्तीत गाणी बंद झाली. ती राखाडी कापड खांद्यावर घेऊन सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची. मी तिच्या दारात ताकाचं भांडं ठेवायचे. इथे ताकासारखं इकिवुगुतो मिळतं, पण मी माझं घुसळलेलं ठेवायचे. भांडं दुसऱ्या दिवशी धुऊन परत यायचं, आत चार टोमॅटो. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा नियम तिकडे आणि इकडे सारखाच निघाला.

मे महिन्यात मोठा पाऊस झाला आणि आम्ही खणलेलं गटार वाहून गेलं. उतार चुकला होता. तीन शनिवारांचं काम दोन रात्रींत चिखल. हे सांगायलाच हवं, कारण उमुगांदाची तारीफ करणारे पाहुणे तेवढंच सांगत नाहीत. शंभर माणसं आली म्हणून काम बरोबर होतं असं नाही. काही माणसं साडेदहाला पांढऱ्या बुटांत उगवतात आणि बैठकीत पुढे उभी राहतात. एकाचा इसुका मी सहा महिने बघतेय, पात्यावरचं लेबल अजून निघालेलं नाही. दोन ऑक्टोबरला फोटोपुरता झाडू धरणारे आपल्याकडे आहेत, त्यांचे भाऊबंद इथेही आहेत. गाडगेबाबांनी कीर्तनाआधी गाव झाडलं तेव्हा हजेरी घेणारं कुणी नव्हतं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. एकदा त्याच सहकाऱ्याला मी सरळ विचारलं, दंड नसता तर लोक आले असते का? त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि सहामाहीचे पेपर कधी तपासून होतील ते मला विचारलं. इथे लोक जपून बोलतात. त्या जपण्यात शहाणपण किती आणि धाक किती, हे बाहेरून आलेल्या बाईने ठरवू नये. पण दोन्ही आहे.

तरी जूनमधल्या शनिवारी गटार पुन्हा खणलं. या वेळी पाणी सोडून उतार बघितला. नातवाने बादलीने पाणी ओतलं, आणि ते नीट धावत खाली गेलं तेव्हा साठ माणसं एकदम ओरडली. मीही.

याच दिवसांत मुकेचुरुच्या गावाकडच्या बहिणीला गाय मिळाली. गिरिंका म्हणून सरकारी योजना आहे, २००६पासूनची. गरीब कुटुंबाला गाय देतात, आणि अट एकच, पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्यायची. ज्याने दिली त्याला परत करायचं नाही, पुढच्याला द्यायचं. म्हातारी माणसं अजून एकमेकांना 'अमाश्यो' म्हणून रामराम करतात, म्हणजे तुझे कळप असोत. उत्तर येतं 'अमाशोंगोरे', गाईंचे कळप असोत. मागायचंच तर वासरं होणाऱ्या गाई मागाव्यात, हे माझ्या आजीला फार पटलं असतं.

ऑगस्टचा पहिला शुक्रवार म्हणजे उमुगानुरा. नव्या पिकाचा सण, सुटीचा दिवस. जुन्या राजांच्या काळी नवी ज्वारी आणि नाचणी आधी राजाला दाखवायची, मग घरी रांधायची. बेल्जियनांनी १९२५मध्ये तो बंद पाडला, २०११मध्ये देशाने पुन्हा सुरू केला. नव्याची पौर्णिमा आणि दसऱ्याला दाराला बांधलेली भाताची लोंबी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मुकेचुरुने बोलावलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं? किमिरोंकोत अमासाका, म्हणजे ज्वारी, मिळते, पण ती लाल. पीठ आणून भाकरी थापायला घेतली तर कडा फुटायला लागल्या. मालदांडीच्या पिठाला जी चिकटाई असते ती या पिठात नाही. उकळतं पाणी घालून मळलं, तेव्हा कशीबशी सात झाल्या. रंग विटेसारखा, चवीला किंचित तुरट. एकीलाही धड पापुद्रा सुटला नाही. माझ्या आईने त्या भाकऱ्या गाईला घातल्या असत्या.

तिच्या अंगणात वीसेक माणसं होती. एका टोपलीत उमुत्सिमा, म्हणजे ज्वारीची घट्ट उकड. शेजारी घेवडा, कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि दूध. पहिला घास मुलांना, वर दुधाचा पेला. मग टोपली फिरली. माझ्या भाकऱ्या मी कापडातून काढल्या तेव्हा लाज वाटत होती. मुकेचुरुने एक हातात घेतली, उलटी केली, बोटाने कड चाचपली, वास घेतला. "अमासाका?" तिने विचारलं. मी मान हलवली. हातानेच थापून दाखवलं, असं, असं. तिने तुकडा मोडला, घेवड्यात बुडवला, सावकाश चावला. सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघत होतं आणि मीही.

मग तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि उलटा करून तळवा बघितला. फोड कधीच जाऊन तिथे आता घट्टे आले होते, आणि त्यांच्या मध्ये लाल पीठ अडकलेलं होतं.

"उराकोझे," ती म्हणाली.

मुराकोझे नाही. मी नातवाकडे पाहिलं, त्यालाही ते ऐकू आलं होतं. मला उत्तर सुचेना. इतक्या महिन्यांत उत्तर द्यायचं असतं तर काय म्हणायचं, हे मी शिकलेच नव्हते. म्हातारीने दुसरा तुकडा मोडला, आणि तोंडात घास असतानाच नातवाला काहीतरी सांगितलं. तो हसायला लागला.

"ती म्हणतेय, या शनिवारी नाही, पण महिनाअखेरीला स्वतःचा इसुका विकत घेऊन ये. तिचा तू वाकडा करून ठेवलायस."